खंडेनवमीनंतरची मशीन

खंडेनवमीला पूजा झाली, दसऱ्याला मशीन विसाव्याला राहिली आणि तिसऱ्या दिवशी कावेरी ब्लाऊज शिवायला बसली, तर वरून टाका सरळ आणि खालून नुसता दोऱ्याचा गुंता!

"बिघडवलीस ना?" सासूबाई, उमाबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "इतकी वरसं माझ्या हातात व्हती, कधी कुरकुरली न्हाई. उद्या अपेक्षा येतीय, तिच्यासंगं देऊन टाकते."

अपेक्षा म्हणजे कावेरीची नणंद. तिला साधं बटण लावायचा कंटाळा; मशीन तिच्याकडे गेली की चादरींच्या ढिगाखाली जाणार. इकडे धारूरच्या त्या गल्लीतल्या निम्म्या बायका कावेरीच्या हातचे ब्लाऊज घालत होत्या. मशीन गेली तर आपण दिवसभर करायचं काय, असं तिच्या मनात आलं. पण त्यापायी हातपाय गाळणाऱ्यातली ती नव्हती.

"अपेक्षाताई उद्या येनार ना आत्याबाई? मग आज मशीन माझीच हाय," असं म्हणून तिनं पेचकस उचलला.

खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून पाहिली, साफ होती. सुई बदलली, दोरा नव्यानं ओवला. गुंता तसाच. उमाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या. 'सांगितलं नव्हतं?' असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं.

आता कावेरीनं खालचा नाद सोडला. कापड दाबणारा पाय खाली टाकून वरचा दोरा ओढून पाहिला. तो अडायला हवा होता, तर सरसर हातात आला. टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये दोरा दाबून धरला जातो. त्या त्याला धरतच नव्हत्या! तिनं बाहेरचा स्क्रू फिरवला, स्प्रिंग काढली, चकत्या वेगळ्या केल्या. आत पांढरा, कडक थर. नखानं खरवडला आणि तिच्या ध्यानात आलं. भस्म!

घर लिंगायताचं. पूजेच्या दिवशी घरच्या दुकानातल्या तराजूपासून मशीनपर्यंत सगळ्यांना उमाबाई ओल्या भस्माची तीन बोटं ठसठशीत ओढायच्या. यंदा ती बोटं थेट चकत्यांवरून गेली होती.

कावेरीनं चकत्या कोरड्या फडक्यानं पुसल्या, बसवल्या आणि पायडल मारलं. टाका दोन्हीकडून सुरेख पडला. तिला असा काही जोर चढला, की आता सासूबाईंना चांगलं सुनावायचंच. तिनं तळहातावरचा भुगा पुढं धरला.

"घ्या आत्याबाई. मशीन कुनी बिघडवली, बघा."

उमाबाईंचा चेहरा उतरला.

"दरसाल मी चाकाजवळ लावते गं," त्या हळूच म्हणाल्या. "यंदा म्हनलं, समोर लावावं. पोरगी लई राबतीय, तिच्या हाताला यश यावं."

कावेरीला एकदम भरून आलं. तयार ठेवलेलं बोलणं कुठल्या कुठे गेलं. तिनं मान खाली घालून बाहीचं कापड सुईखाली सरकवलं.

"अपेक्षाला साडी देऊ," उमाबाई म्हणाल्या. "मशीन न्हाई."