बिघाड माझ्यात नव्हता

मी एक जुना मायक्रोटोम आहे आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मित्रांनो, पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. मायक्रोटोम म्हणजे काप काढणारे यंत्र. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला मेंदूचा तुकडा माझ्या चिमट्यात धरतात आणि उजवीकडचे चाक हाताने फिरवतात. ठोकळा पात्यावरून खाली उतरला की एक काप निघतो. तो इतका पातळ असतो की नुसत्या फुंकरीने उडून जाईल. म्हणून माझ्यासमोर कुणी शिंकलेले मला खपत नाही.

कारखान्यात माझी शेवटची तपासणी एका म्हाताऱ्या कारागिराने केली. चाकाला कान लावून त्याने मला दहा वेळा फिरवले आणि हा कधी कुरकुर करणार नाही, असे सांगून शिक्का मारला. बिचाऱ्याचा अंदाज साफ चुकला.

मला पेटीतून बाहेर काढले ते डॉक्टरबाईंनी. त्या मेंदूच्या डॉक्टर, तेव्हा पस्तिशीच्या. त्यांना मिळालेली खोली लांब बोळाच्या टोकाला होती. तिला एक न उघडणारी खिडकी होती आणि एक गळका नळ. सकाळी त्या रुग्ण तपासत आणि दुपारी या खोलीत येत. त्यांचा आजार, म्हणजे त्या ज्याचा शोध घेत होत्या तो, मोठा दुष्ट होता. धडधाकट माणूस चालता चालता मागच्या मागे पडतो. डोळे खाली वळत नाहीत, म्हणून पायरी दिसत नाही. जीभ जड होते. लोक म्हणतात वय झाले, नाहीतर म्हणतात प्यायला आहे. आणि मेंदू आतून वर्षानुवर्षे झिजत राहतो.

बाकीचे डॉक्टर त्यांना हसत. ज्याला औषधच नाही, त्या दुखण्यामागे कशाला लागता, असे विचारत. औषध नाही कारण कुणी धड पाहिलेलेच नाही, असे उत्तर देऊन बाई कामाला लागत. पाहायचे तर माणूस गेल्यावर त्याचा मेंदू हवा. त्यासाठी त्या स्वतः घरोघरी जाऊन, घरच्यांसमोर बसून तो मागत. मागताना एक वचन देत. काय सापडले ते मी स्वतः येऊन सांगेन. हे वचन नीट लक्षात ठेवा, कारण माझा सगळा राग त्याच्यावरून आहे.

माझे चाक फिरवणारे होते कापकाका. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेले. त्यांच्या कानावर कायम पेन्सिल असे आणि तिला टोक काढायला ते माझी बाद झालेली पाती वापरत. काप काचपट्टीवर घेतला की पट्टीच्या खरखरीत कडेला ते पेन्सिलीने नंबर लिहीत. अक्षर मात्र कोंबडीच्या पायाचे. आम्ही तिघांनी मिळून अठरा वर्षे काम केले. आजार मेंदूच्या देठात सुरू होतो आणि तोही पहिल्यांदा पडण्याच्या कितीतरी आधी, हे बाईंनी दाखवून दिले. त्यांचे नाव झाले, मोठमोठ्या सभांची बोलावणी येऊ लागली. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात कोपऱ्यात माझे चाकही दिसत होते.

त्याच सुमारास एका घड्याळजींचा मेंदू आमच्याकडे आला. घड्याळजी दुकानाच्या पायरीवरून तीनदा मागे पडले होते आणि बोलताना अडखळत. त्यांच्या थोरल्या भावाने गावभर केले की हा दारू पितो. चुलत्याच्या तोंडून निघाले म्हटल्यावर घड्याळजींच्या मुलीचे जमत आलेले लग्नही मोडले. घड्याळजी गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, त्या शिवणकाम करत, थोरल्या दिरांचा विरोध मोडून काढून मेंदू दिला. त्यांना एवढेच जाणून घ्यायचे होते की तो आजार होता की दारू. बाईंनी त्यांनाही तेच वचन दिले.

आणि मग बाईंनी चूक केली. मित्रांनो, वाईट माणसाची चूक एक वेळ सोसते. ही चांगल्या माणसाने प्रेमाने केलेली चूक होती. एका सभेहून परतताना त्यांनी कापकाकांसाठी भारी पेनांचा डबा आणला. काका, तुमचे अक्षर मला आता वाचता येत नाही, यापुढे याने लिहीत जा, असे म्हणाल्या. ही शाई पाण्याने जात नाही, असे डब्यावरच छापले होते. पाण्याने नसेल जात. पण रंग चढवण्याआधी आमच्या काचपट्ट्या पाण्यात नाही, मेण विरघळवणाऱ्या द्रवात बुडवतात, आणि त्यात शाई मेणाबरोबर निघून जाते. काप काढणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळते. बाईंना मेंदूची नस नस ठाऊक होती, पण पट्टी कशात बुडवतात हे त्यांनी अठरा वर्षांत कधी विचारले नव्हते. काकांना ठाऊक होते. पेन्सिलच बरी, असे ते एकदा पुटपुटले. बाई हसल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टरने हौसेने आणलेली वस्तू, तिला दुसऱ्यांदा नाही कसे म्हणायचे, म्हणून काका गप्प बसले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

चाळीस पट्ट्यांच्या कडा कोऱ्या होऊन बाहेर आल्या. रंग सुरेख चढला होता, पण कुठला काप कुणाचा हे देवालाही सांगता आले नसते. त्यांत घड्याळजींचे बहुतेक सगळे काप होते. त्यांचा ठोकळा आधीच दुसऱ्या तपासणीत झिजलेला, आता नखाएवढा उरला होता. एका सहकाऱ्याने सुचवले की अंदाजाने नंबर टाका, कोण बघायला येणार आहे. बाईंनी ते ऐकले नाही, एवढे श्रेय त्यांना देतो. पण त्यांनी काय केले? पट्ट्या कपाटात बंद केल्या आणि नोंदवहीत एक ओळ लिहिली. यंत्रातील बिघाडामुळे काप खराब.

यंत्रातील बिघाड! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. माझ्या चाकात तसूभर दोष नव्हता. पण लिहिलेले खरे मानतात. नवीन आपोआप चालणारे यंत्र आले आणि मला जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी ठेवण्यात आले. माझ्यावर कुणी धड फडकेही टाकले नाही.

जिन्याखालून बोळातला बाक दिसतो. तिथे मी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना चार वेळा पाहिले. दरवेळी कुणीतरी बाहेर येऊन त्यांना सांगे की काम चालू आहे. कसले काम आणि कसले काय! घोंगडे कपाटात भिजत पडले होते, पाच वर्षे. पाचव्यांदा त्या आल्या तेव्हा सांगूनही उठल्या नाहीत. शेवटी डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांचे केस आता पांढरे झाले होते आणि निवृत्तीला चार महिने उरले होते.

"नाही सापडलं म्हणा, मी ऐकून घेईन," शिवणवाल्या बाई बाकावरून म्हणाल्या. "पण काम चालू आहे असं परत म्हणू नका."

डॉक्टरबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"काम चालू नाहीये," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांपूर्वीच बंद पडलं. चूक माझी होती, आणि मी ती यंत्रावर ढकलली."

दारात कापकाका उभे होते. "माझीही होती, वहिनी. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही."

दोघांनी सगळे सांगितले, पेनांच्या डब्यापासून. ऐकून शिवणवाल्या बाई रडल्या नाहीत. अजून काही उरले आहे का, एवढेच त्यांनी विचारले. नखाएवढा ठोकळा उरला होता. नवे यंत्र पाच-सात काप वाया घालवल्याखेरीज सुरूच होत नसे आणि तेवढे काप तर एकूण निघणार होते. तेव्हा त्या विद्वानांना जिन्याखालचा मी आठवलो. मला ओढून बाहेर काढले तर माझे चाक हलेना. काका शरमले, डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. त्या शिवणवाल्या बाई पुढे आल्या, चाकाच्या दांड्यावरून बोट फिरवून त्यांनी ते पाहिले आणि पिशवीतून शिलाई यंत्राच्या तेलाची कुपी काढली.

"याला तेल कोण घालत होतं?" त्यांनी विचारले.

मग त्यांनीच तेल घातले, जिथे हवे तिथे थेंब थेंब. दुसऱ्या दिवशी काकांनी नवे पाते लावले आणि चाक फिरवले. पहिला काप दुमडला. दुसरा फाटला. काकांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, पण माझा होता तसाच होता. तिसरा अखंड उतरला आणि त्याच्यामागून आणखी चार. काकांनी कानावरची पेन्सिल काढून पाचही पट्ट्यांवर नंबर लिहिले, या खेपेला मात्र चांगल्या ठळक अक्षरात.

चौथ्या दिवशी शिवणवाल्या बाई परत आल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवले आणि पेशींतल्या काळ्या गाठी दाखवल्या. याच गाठींनी घड्याळजींना पाडले, दारूने नाही, असे सांगितले. शिवणवाल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले.

"थोरले भाऊजी मागच्या वर्षी गेले," त्या म्हणाल्या. "मला त्यांना ऐकवायचं होतं."

डॉक्टरबाई म्हणाल्या, मी तसे लिहून देते, या आठवड्यात जमले तर.

"जाऊबाई आहेत अजून. माझी मुलगीही घरीच आहे. लिहून नको, तुम्ही येऊन सांगणार होतात. आत्ता चला."

पलीकडच्या खोलीत विद्यार्थी बाईंची वाट पाहत होते. बाईंनी नोंदवही उघडली, ती जुनी ओळ खोडून वर लिहिले, यंत्र ठीक आहे, चूक माझी. मग पट्टी रुमालात गुंडाळली आणि त्यांच्यामागून चालू लागल्या.

मित्रांनो, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. ती ओळ पाच वर्षे उशिरा खोडली गेली आणि थोरले दीर खोटे बोलूनच गेले. तुम्ही पुढे मोठे व्हाल, तुमचे नाव होईल. तेव्हा ज्याच्या हातून तुमचे काम होते त्याला विचारत जा, आणि त्याने पुटपुटले तरी ऐकत जा. ज्याला उत्तर द्यायचे कबूल केले आहे, त्याला बाकावर बसवून ठेवू नका. मी आता पुन्हा खोलीत आहे, खिडकीपाशी. ती तेलाची कुपी शिवणवाल्या बाई माझ्याशेजारीच ठेवून गेल्या आहेत आणि काका दर सोमवारी न विसरता माझ्या चाकाला तेल घालतात.