घोड्याशी बोललेलं

यांच्या ऑफिसातल्या साहेबाचा कुत्रा आठवडाभर आपल्याकडे राहणार, हे मला कुत्रा दारात आल्यावर कळलं. यांनी परस्पर हो म्हणून टाकलं होतं. आमच्या दिगंबररावांचं सगळं असंच. त्र्याऐंशी सालच्या त्या एप्रिलात वेस्ट विंडसरला घर पसंत केलं, तेही मला न विचारता. सोमवारी त्या घराच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या.

मी सांगलीला शाळेत गणित शिकवत होते. बिनपगारी रजा काढून न्यू जर्सीला आले, कारण "एक वर्ष बघू, नाही करमलं तर परत जाऊ" हे यांचेच शब्द. जूनमध्ये शाळा उघडताना मी हजर नसले, तर नोकरी गेलीच. वर्गभर पोरींना नुसत्या नजरेने गप्प करणारी मी! पण यांच्यापुढे विषय काढायला गेले, की हे घराचा नकाशा उलगडून बसायचे. "हा बघ तुझा ओटा, इथे देव्हारा." इतक्या खुशीत असलेल्या माणसाला काय सांगणार, कपाळ? गाडी मला येत नाही, बस जवळपास नाही, दिवसभर बोलायला भिंती. जीव नुसता गुदमरायचा.

तर आदल्या दिवशी, रविवारी, कुत्र्याला घेऊन आम्ही काउंटी पार्कात गेलो. फाटकापाशी नियमांची पाटी होती. यांनी ती पोथी वाचावी तशी मोठ्याने वाचली. कुत्रा पट्ट्यानेच न्यायचा, त्याची घाण उचलायची, घोडा आला तर बाजूला व्हायचं. घरात स्वतःचा चहाचा कप न उचलणारा हा माणूस कागदाच्या तुकड्याने साहेबाच्या कुत्र्याची शी उचलत होता, आणि तीही हौसेने!

"धन्य आहे तुमची," मी म्हटलं.

"अगं, जबाबदारी असते," हे म्हणाले.

पुढे वाट अरुंद झाली. एका बाजूला तारेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा खोल उतार. आणि वळणावरून एकदम घोडा आला. टांग्याचे घोडे मी पुष्कळ पाहिलेत, पण हा केवढा थोराड! वर पिकल्या केसांची एक गोरी बाई. कुत्रा जिवाच्या आकांताने भुंकला. घोडा बिचकला आणि मागे मागे उताराकडे सरकायला लागला. त्याच्या टापांखालची माती ढासळू लागली.

"कुत्र्याला धरा!" बाई ओरडली. यांनी गुडघ्यांवर बसून कुत्र्याला मिठी मारली, एका हाताने त्याचं तोंड आवळलं. मग बाई माझ्याकडे वळली. "तुम्ही बोला घोड्याशी! समोरच्या माणसाचा आवाज ऐकला की शांत होतो तो. बोलत राहा!"

माझं होतं नव्हतं ते इंग्रजी कुठल्या कुठे पळालं.

"अगं, बोल ना काहीतरी!" हे ओरडले.

म्हणून बोलले. "अरे बाबा, भिऊ नकोस. मी संध्या. सांगलीची. मीही भ्यायलेय."

घोड्याचे कान माझ्याकडे वळले. "थांबू नका," बाई म्हणाली. आता घोड्याशी आणखी काय बोलायचं? पोटात होतं तेच ओठांवर आलं.

"उद्या हे त्या घरावर सही करणार बघ. मला नकोय ते घर. नकोय तो ओटा. माझी शाळा उघडेल रे जूनमध्ये, माझ्या पोरी आहेत तिथे. इथे मी दिवसदिवस तोंडातून अक्षर काढत नाही. मला परत जायचंय. यांना कसं सांगू, तूच सांग, राजा."

आवाज चढवायची सोय नव्हती, घोडा पुन्हा बिचकला असता. हळू, समजावल्यासारखं बोलत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

घोडा उतारावरून पुढे वाटेवर आला, फुरफुरला, आणि त्याने मान खाली घातली. बाईने ती थोपटली. "किती छान बोललात! काय सांगितलंत त्याला?"

नेहमीप्रमाणे उत्तर यांनीच दिलं. "भिऊ नकोस म्हणाली."

यांचे गुडघे चिखलाने भरलेले, चेहरा पांढराफटक. एकूण एक शब्द ऐकला होता यांनी. आणि तरीही! माझं डोकंच सणकलं.

"नो," मी म्हणाले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण खणखणीत. "मी म्हणाले, मला घर नको. मला माझ्या शाळेत परत जायचंय."

बाईने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "थँक यू," ती मलाच म्हणाली आणि घोडा सावकाश पुढे घेऊन गेली.

आम्ही गाडीपाशी परत आलो. कुत्रा मागच्या सीटवर चढून बसला. यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"शाळा कधी उघडते तुझी?"

लग्न झाल्यापासून माझ्या शाळेबद्दल हे पहिल्यांदा काही विचारत होते. मला भांडायचं होतं, वर्षभराचं सगळं काढायचं होतं. पण हे त्या घोड्यासारखेच बिचकून माझ्याकडे बघत होते. मग घोड्याशी बोलले होते तशीच, हळू आवाजात, मी म्हणाले, "तेरा जूनला."