चाळीस दिवस न शिवलेली होडी

रात्री माझ्या खोपटात सात चार्जर एकदम गुणगुणत असतात. एका सुरात नाही, पण जवळपास. त्या आवाजात धड झोप लागत नाही आणि धड जागही राहत नाही. मी मधेच कुठेतरी तरंगत असते. गाव म्हणतं, ओदालिस बॅटऱ्यांशी बोलते. बोलते तर बोलते. माणसांपेक्षा बऱ्या, पोट भरलं की गप्प बसतात.

आमच्या खाडीत इंजिनं चालत नाहीत. धुराने कांदळवनातले बगळे गेले, मागोमाग मासेही जायला लागले, तेव्हा गावानेच ठरवलं की आत फक्त बॅटरीची मोटर. तेव्हापासून आमच्या बोका सेरेना गावातल्या एकोणीस होड्यांच्या बॅटऱ्या संध्याकाळी माझ्याकडे येतात आणि पहाटे परत जातात.

दर्यावर्दींची राखण करणाऱ्या कार्मेनमातेच्या सणाला मात्र खोपट रिकामं होतं. माझ्याकडची जास्तीची बॅटरीसुद्धा दिव्यांच्या माळांसाठी गेली होती. होड्या सजून धक्क्याला लागल्या होत्या. देवळातून बँडचा सराव ऐकू येत होता, तोही उन्हाने पेंगुळलेला. आणि अकराच्या सुमारास फिदेंसिओकाका हातगाडीवर आपली बॅटरी घेऊन दारात आले. ऐंशी वर्षांचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्यावर छातीभर घाम.

"पोरी, मोटर फिरत नाही," ते म्हणाले. "आवाजसुद्धा करत नाही."

यंदा मातेची मूर्ती आपल्या होडीतून मिरवत नेण्याची पाळी त्यांची होती. ती एकोणीस वर्षांनी येते. पाळीच्या होडीला सणाआधी चाळीस दिवस कुणी शिवत नाही. जाळं नाही, मासळी नाही, मालकाचा पायही नाही. ती होडी मातेची झाली. आणि नेणाऱ्याला एक हक्क असतो. वाटेत एकदा, हवं तिथे थांबायचं आणि एक नाव घ्यायचं. तेवढा वेळ सगळ्या होड्या मोटर बंद करतात. मागच्या पाळीला काका मोठ्या माशांच्या डोहावर थांबले होते आणि त्यांनी माशाचंच नाव घेतलं होतं. गाव वर्षभर हसलं. सगळ्यात जास्त हसला होता यादिर, त्यांचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी तो खाडीच्या तोंडाशी बुडाला. सापडला नाही. काका यंदा कुठलं नाव घेणार, हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

पाच वाजता माता धक्क्यावर येते. होडी तयार नसेल तर पाळी पुढच्याला.

मी बॅटरी चार्जरला जोडली. लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. प्लग पाहिला, फ्यूज पाहिला. बॅटरीच्या टोकांवर हिरवा लोणा चढला होता, तो गरम पाण्यात सोडा घालून धुतला, ब्रशने घासला. दिवा नाहीच. मग चार्जरच्या चिमट्यांना मीटर लावला. काटा शून्यावरून हलेना. झाकण उघडलं तर आत मुंग्यांचं वारूळ.

"मेला हा चार्जर," मी म्हटलं. "मुंग्यांनी खाल्ला."

"दुसरा लाव."

दुसरा लावला. तोही तसाच. मग तिसरा.

"तुझे सगळेच चार्जर सणाला गेलेत का?" काका म्हणाले. थट्टा होती, पण हसले नाहीत.

मला माझाच राग आला. बावीस वर्षं हे काम करते आहे आणि तीन चार्जर एकाच दिवशी मरतात यावर मी विश्वास ठेवायला निघाले होते. मग मीटर बॅटरीला लावला. बारा व्होल्ट हवेत तिथे चार. इतकी रिकामी बॅटरी मी कधी पाहिली नव्हती.

"काका, चाळीस दिवसांत पाणी उपसायचा पंप बंद केला होता का?"

"होडीत पाऊलच टाकलं नाही, तर बंद कसा करणार?"

बरोबर. महिनाभर पाऊस. पाणी साचलं की पंप आपोआप सुरू, बॅटरी जाते, पुन्हा पाऊस. भक्ती पुरी झाली आणि बॅटरी घोटाघोटाने संपली. देवाचं करायला जावं तर असं.

धक्क्याकडून पावलं वाजली. दारात हेबेर्तो उभा राहिला. पुढची पाळी त्याची, म्हणून नियमाप्रमाणे त्याची होडी भरलेल्या बॅटरीनिशी धक्क्याला तयार होती. यादिर बुडाला तेव्हा तो हेबेर्तोच्या होडीवर होता. हेबेर्तो एकटा परत आला. त्या दिवसापासून काका त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आणि गाव लहान असलं की न बोलणंसुद्धा रोज करावं लागतं.

"काही मदत लागेल का, ओदालिसताई?" तो म्हणाला. काकांकडे त्याने पाहिलं नाही.

"तुझी बॅटरी आण."

काका ताडकन उठले. "परक्याची बॅटरी नको. आपलं वल्हं, आपली मोटर, आपली बॅटरी. नियम आहे."

"नियम मला शिकवू नका. बसा."

हेबेर्तोची बॅटरी आली. मी तो मुंग्यांचा चार्जर झटकून तिला जोडला आणि हिरवा दिवा लख्ख पेटला. काहीच झालं नव्हतं त्याला. हे नवे चार्जर शहाणे असतात; समोर बॅटरी आहे अशी खात्री झाल्याशिवाय वीज सोडत नाहीत. आणि बॅटरी इतकी खचली की त्यांना ती दिसतच नाही.

"तुमच्या बॅटरीशेजारी ह्याची जिवंत बॅटरी थोडा वेळ बांधायची," मी सांगितलं. "चार्जरला काहीतरी दिसेल, तो सुरू होईल. मग हेबेर्तोने आपली काढून न्यावी."

"म्हणजे त्याचीच वीज."

"शेजारून विस्तव आणला तर चूल शेजाऱ्याची होते का, काका?"

ते खाली बसले. मी ते हो धरलं.

लाल वायर लालला, काळी काळीला. बारीक ठिणगी उडाली. दिवा लागला, आणि खोपटात एकच चार्जर गुणगुणू लागला. त्या दोन बॅटऱ्यांच्या दोन बाजूंना दोघे बसले, तोंडं दोन दिशांना. मी तळलेली कच्ची केळी आणि नारळाचा भात पुढे केला. हेबेर्तोने ताट काकांकडे सरकवलं. काकांनी एक फोड घेतली. बाहेर पाणी इतकं स्थिर होतं की कांदळाची झाडं खालीही तेवढीच होती. मला क्षणभर कळेना, आम्ही वर आहोत की खाली.

"तो ओरडला का?" काकांनी विचारलं. भिंतीला विचारावं तसं.

हेबेर्तोच्या हातातली फोड तशीच राहिली. "नाही. हसत होता. जाळं ओढताना पाय घसरला म्हणून हसला. मग दिसला नाही. मी तीनदा उडी मारली, काका."

"तीनदा मारलीस हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं नाहीत."

वीस मिनिटांनी मी हेबेर्तोची बॅटरी सोडवली. दिवा हिरवाच राहिला. तो आपली बॅटरी उचलून गेला, आणि काका साडेचारपर्यंत त्या दिव्याकडे बघत बसले.

पाच वाजता माता त्यांच्या होडीत बसली. मी मागच्या एका होडीत होते, मांडीवर मीटर, सवयीने. सोनेरी पाण्यावरून एकोणीस होड्या बिनआवाजाच्या निघाल्या, झोपेत चालावं तशा. तोंडाशी आल्यावर काकांची होडी मंद झाली. मग इकडे सरकली, तिकडे सरकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सहा वर्षांत त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. त्यांना जागाच माहीत नव्हती.

मातेच्या पुढे कुणी जात नाही. आजवर कुणी गेलं नव्हतं.

"हेबेर्तो," काकांनी मागे वळून हाक मारली. "पुढे हो. दाखव मला."

हेबेर्तो सगळ्यांच्या मधून पुढे गेला. काठावरच्या एका वाकलेल्या झाडाच्या रेषेत त्याने मोटर बंद केली. "इथं, काका."

एकेक करून सगळ्या मोटर थांबल्या.

"खोल किती आहे?"

"दोन पुरुष."

"एवढंच?" काका म्हणाले.

मी तोंडाला पदर लावावा तसा हात लावला आणि रडले. काकांनी मुलाचं नाव घेतलं, मोठ्याने नाही, घरात हाक मारावी तेवढ्याच आवाजात. मग वाकून त्यांनी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. बाही भिजली, इस्त्री गेली. मातेचे दिवे जराही मंद झाले नव्हते. बॅटरी अजून निम्मी भरलेली होती, आणि घाई कुणालाच नव्हती.