वकीलणीचं उत्तर

जपानच्या नव्या सम्राटांचं पहिलं वर्ष होतं ते, १९८९. मी एक्केचाळीस वर्षांची होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. सादो बेटावर, बंदरापासून दहा मिनिटांच्या घरात मी आणि सासूबाई, दोघीच राहायचो. दिवसा मी कारखान्यात माकुल्या चिरायचे.

त्या उन्हाळ्यात दर गुरुवारी नऊ वाजता बेटावरचे रस्ते ओस पडायचे. मालिका होती एका सरकारी वकीलणीची. वयानं चाळिशीची, उंच, जिभेला धार. तिचं मन बसलं होतं गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात पाणी तापवणाऱ्या माणसावर. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिच्या खांद्याला लागणारा, आणि बोलताना अडखळणारा. कारखान्यात आम्ही सुऱ्या चालवता चालवता त्यांचीच लग्नं लावायचो आणि मोडायचो.

आमच्या घरी ती मालिका बघायला कुनिहिको यायचा. विजेच्या सामानाच्या दुकानात तो कामाला होता, वय एकतीस, गाव दूर उत्तरेला ओतारू. आधी छपरावरचा अँटेना नीट करायला आला, मग व्हिडिओ रेकॉर्डर बसवायला, मग काहीच कारण नसताना. सासूबाई त्याला वाटाण्याच्या शेंगा उकडून द्यायच्या आणि म्हणायच्या, "न्हाणीवाला आला बघ." तो हसायचा. मी चहा ओतायच्या निमित्तानं खाली बघायचे.

रेकॉर्डरला वेळ कशी लावायची ते त्यानंच मला शिकवलं होतं. एक गोष्ट त्यानं तीनदा बजावली होती. मालिकेच्या आधी बेसबॉलचा सामना असला, तर शेवटची वेळ अर्ध्या तासानं पुढे लावायची. सामना लांबला की पुढचं सगळं पुढे सरकतं.

सप्टेंबरात त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला. त्याला ओतारूला जाऊन त्यांचं दुकान सांभाळायचं होतं. शेवटच्या भागाच्या आदल्या गुरुवारी, सासूबाई आत गेलेल्या बघून, तो म्हणाला, "इसोए-सान, तुम्ही माझ्याबरोबर चला."

लोक काय म्हणतील, सासूबाईंचं काय, मी दहा वर्षांनी मोठी, सगळं एकदम मनात आलं. तो म्हणाला, "आत्ता नका सांगू. वकीलण काय करते ते बघा. ती हो म्हणाली तर तुम्हीही म्हणा." त्याची बोट पुढच्या शुक्रवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी होती.

एवढं मोठं उत्तर मी एका मालिकेवर सोपवलं, हे आज सांगायला लाज वाटते. पण मला कुणीतरी ढकलायला हवं होतं, आणि दुसरं कुणी नव्हतं.

शेवटच्या भागाच्या गुरुवारी शेजारचे आजोबा वारले. अशा वेळी गल्लीतल्या बायकांनी त्या घरचं स्वयंपाकघर सांभाळायचं, हा आमचा रिवाज. मी काळा पोशाख चढवला, घाईघाईत नऊ ते दहा अशी वेळ लावली आणि गेले. परतले तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या.

पहाटे कॅसेट लावली. पहिला अर्धा तास बेसबॉल. नंतर मालिका सुरू झाली. वकीलण न्हाणीघरापाशी येते, दारावर हात ठेवते, आणि पडदा काळा.

मी तिथेच बसून राहिले. सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी रात्री सगळं बघितलं होतं. मी विचारलं, "आई, पुढे काय झालं?"

त्या कॅसेटच्या डब्याकडे बघत म्हणाल्या, "परत गेली. म्हणाली, आपलं जमायचं नाही."

साडेसातला दुकानाचं शटर अर्धं वर होतं. कुनिहिको बॅग बांधत होता. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला आधी कळेचना का. वेळ लावायला चुकले हे त्याला कसं सांगू, तीनदा शिकवल्यावर? मी एवढंच म्हटलं, "त्या दोघांचंही शेवटी जमलं नाही ना. आपलंही नको."

त्यानं बॅगेचा पट्टा आवळला. मग म्हणाला, "असं होय. समजलो." आणि कमरेत वाकून नमस्कार केला, गिऱ्हाइकाला करतात तसा.

कारखान्यात दहाच्या चहाला सुमिए, माझ्या शेजारच्या पाटावरची, डोळे पुसत बसली. "अगं, काय शेवट केला. ती दार उघडून सरळ त्याच्या भट्टीपाशी जाऊन बसते. लाकडं द्या म्हणते. मी तर रडून रडून बेजार."

मग मला कळलं. त्यानंही बघितलं होतं. अख्ख्या देशानं बघितलं होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट उलटी करून मी त्याच्या तोंडावर सांगितली होती. यापेक्षा सभ्य नकार कुठला असणार?

रबरी बूट, माकुल्यांच्या शाईनं काळा झालेला एप्रन, तशीच धावले. धक्क्यावर पोचले तेव्हा बोटीनं तोंड फिरवलं होतं. हाका मारल्या. कठड्याशी माणसं होती, त्यांत तो होता की नाही तेही दिसलं नाही.

संध्याकाळी मी सासूबाईंपुढे बसले. ओरडायचं ठरवून आले होते. त्या भात वाढत होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "त्या वकीलणीला सासू नव्हती, इसोए."

मी तो भात खाल्ला.

पत्र लिहायला मला नोव्हेंबर उजाडला. बेसबॉल, कॅसेट, सगळं लिहिलं, फक्त सासूबाईंचं नाव गाळलं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीच्या एक जानेवारीला त्याचं शुभेच्छापत्र आलं. खाली दोन नावं छापलेली होती, दुसरं बाईचं. कोपऱ्यात पेनानं लिहिलं होतं, अर्धा तास पुढे लावत जा.

कुनिहिकोचं दुकान अजून आहे म्हणतात, मुलगा चालवतो. तो स्वतः गेल्या वर्षी गेला, तसं काळ्या कडेचं पत्र आलं. सुमिएनं साठाव्या वर्षी लग्न केलं, तेही आमच्या फोरमनशी. माझी कॅसेट कपाटात आहे, ती लावायला यंत्र उरलेलं नाही.

सासूबाई आणखी नऊ वर्षं जगल्या. शेवटी माणसं ओळखेनाशा झाल्या. त्या हिवाळ्यात दुपारी ती मालिका पुन्हा दाखवत होते. शेवटच्या भागात वकीलणीनं दारावर हात ठेवला, तसा त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"ही जाईल ना गं आत?" त्यांनी मला विचारलं.

"जाईल, आई," मी म्हटलं. तिनं दार उघडलं, आणि सासूबाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.