होडीच्या नाकातला डोळा

आमच्या थोरल्या भावाचा एक डोळा काचेचा. फायबरच्या होड्यांच्या कारखान्यात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. दोन डोळेवाल्यांना न दिसणारा बुडबुडा त्याला एका डोळ्यानं दिसायचा, कारण रेझिन ओतलं की तो पार नाक टेकेपर्यंत वाकायचा. एकदा असाच वाकला आणि काचेचा डोळा टपकन नव्या होडीच्या नाकात पडला. तो म्हणतो शिंक आली. मी म्हणतो गर्व झाला. चिमटा सापडेपर्यंत रेझिनचा दगड झाला होता.

ती होडी कोणी घेईना. गिऱ्हाइकानं भाव पाडायला तोंड उघडलं, की ती त्याच्याकडे टक लावून बघायची. कुत्रीसुद्धा तिच्यासमोरून शेपूट घालून जात.

भावाची सून रसायनं शिकलेली. घट्ट झालेलं रेझिन पुन्हा पातळ करायचं म्हणून तिनं शेडच्या कोपऱ्यात स्टीलची टाकी बसवली. मिस्त्रीला तो कोपरा साच्यांसाठी हवा होता. "सूनबाई, मेण वितळतं. रेझिन फक्त जळतं," तो म्हणाला. घरात चार दिवस धुसफूस चालली. शेवटी ठरलं की डोळा अख्खा निघाला तर टाकी राहील, नाहीतर भंगारात जाईल.

तिनं होडीचं नाक करवतीनं कापून टाकीतल्या द्रावणात सोडलं. रेझिनच्या कणांनी म्हणे एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. नुसती आग लावली तर हात न सोडताच कोळसा होतात. योग्य रसायन आणि मंद आच मिळाली की एकेक हात सुटतो. पण ऊब दिली की काम लवकर उरकतं, हे रेझिनवाल्याच्या हाडात मुरलेलं. मिस्त्री येता-जाता आच वाढवायचा, ती कमी करायची. सासऱ्या-सुनेचं सगळं बोलणं त्या एका बटणावर चाललं होतं. शेवटी तिनं बटणच काढून पदराला बांधलं.

झाकण उघडलं तेव्हा आत मधासारखा रस होता. तिनं झाऱ्यानं ढवळलं. आधी रेझिनच्या पोटात घातलेलं काचेचं कापड वर आलं, नुकतं धुतल्यासारखं. मग डोळा आला. झाऱ्यात गर्रकन फिरला आणि थेट मालकाकडे बघत थांबला. खोटं वाटत असेल तर त्या कुत्र्यांना विचारा.

मिस्त्रीनं तो धुतला, पुसला, जागेवर बसवला. बराच वेळ टाकीत बघत राहिला.

"अंगणातल्या मोडक्या होड्या कधी टाकतेस यात?" त्यानं विचारलं.

तिनं पदराची गाठ सोडली आणि बटण त्याच्या हातावर ठेवलं. "तुम्ही म्हणाल तेव्हा, बाबा."

त्या रसात नवं रेझिन मिसळून पहिली होडी ओतली, त्या दिवशी सगळा कारखाना जमला होता. मिस्त्री बुडबुडे बघायला वाकला. टपकन आवाज झाला.

आम्ही चिमट्यासाठी धावलो. त्यानं वाकल्यावाकल्याच हात वर केला.

"कशाला धावताय? सूनबाई आहे की."