भोगीच्या बांगड्या

माझ्या कलावतीमावशीचे कान मानवतच्या एका जिनिंगमध्ये गेले, आणि ते तिला कळलं गेल्या भोगीच्या सकाळी. ओट्यावर कासार बसला होता. थंडीतलं कोवळं ऊन हिरव्या काचेतून झिरपून तिच्या मनगटावर सांडत होतं, आणि मावशी हात कानाशी नेऊन पुन्हा पुन्हा हलवत होती.

"काच हाय का प्लास्टिक?"

"काचच हाय, बाई."

"मग वाजंना का?"

कासार हसला, त्याला थट्टा वाटली. शेजारी बसलेल्या मला ती किणकिण लख्ख ऐकू येत होती, म्हणून मला हसता आलं नाही.

दिवाळी सरली की जिनिंगची यंत्रं धडधडू लागतात: रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, आणि मध्ये त्या लोखंडी जबड्यांना कापूस भरवत उभ्या मावशीसारख्या बाया. तिथे शब्दाला जागा नाही, म्हणून हात बोलतात. ओठाशी अंगठा म्हणजे पाणी. मिशीला पीळ म्हणजे मुकादम आला. मावशीचा पीळ असा झोकदार की अख्खी रांग हसायची, निःशब्द.

आवाजाचं गाऱ्हाणं नेलं तेव्हा मुकादम म्हणाला, "एवढी रुई पडलीय, घाला की कानात." तिनं घातली. कापसातच जन्म काढलेल्या बाईनं कापसावर अविश्वास कसा दाखवावा? पण फुंकरीनं उडणारी रुई त्या गडगडाटाला काय अडवणार? आधी बारीक आवाज गेले: चिमण्या, कुकरची शिट्टी, बांगड्या. त्यांच्या जागी कानात एक अखंड रातकिडा येऊन बसला. तो भरदुपारीही गप्प होत नाही.

जिनिंगचे मालक म्हणतात, वय झालं. चाळिशीत?

यंदा जाऊ नको, उरलेलं तरी राहील, असं मी म्हटलं. माझ्या ओठांवरून तिनं ते उचललं. "लय बोलती ही," ती म्हणाली, नको तेवढ्या मोठ्यानं. "घरी बसून काय बांगड्या ऐकू?"

मोसम पुन्हा दाराशी आलाय. ऋतू परततो, कापूस परततो. गेलेला नाद तेवढा परतत नाही, तो स्मृतीत उरतो आणि तिथेही दर हिवाळ्याला थोडा पुसट होतो. तुमच्या गावात जिनिंग असेल तर आत जा. यंत्रापाशी उभे राहून सोबतच्या माणसाला नावानं हाक मारा. ती पोचली नाही, तर तिथल्या प्रत्येक बाईच्या कानांवर धड आवरण चढल्याशिवाय मालकाच्या दारातून हलू नका.