होइटची पुंगी, माझं तोंड

आमच्या पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या, बागेत कावळ्यांना बोलावायचं काम गेली एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. बोलावायचं म्हणजे मारायला बोलावायचं. पेकन पिकून वरचं साल तडकलं की नदीपलीकडून कावळे येतात आणि एकेक कावळा दिवसभर फळं चोचीत धरून पळवत राहतो. खातो थोडं, पुरून ठेवतो जास्त आणि कुठं पुरलं ते विसरतो. असल्या नालायकाला झाडाखाली उभं राहून हाकललं, तर तो शेजारच्या झाडावर जाऊन बसतो आणि वर तुमच्याकडे बघत राहतो. त्याला समोर आणूनच पाडावं लागतं. समोर आणायचं तर त्याच्याच भाषेत त्याला शिवी घालावी लागते. ती मला येते. शाळेत मी चार इयत्ता गेले, तिथं काय शिकले ते विचारू नका. पण कावळ्यांच्या शिव्यांत माझा हात धरणारं माणूस व्हर्डिग्रिस नदीच्या दोन्ही काठांना नाही.

पुंगी माझ्या नवऱ्याने, होइटने, सीडरच्या लाकडाची कोरलेली आहे. बोटभर लांब. तिच्या एका टोकाला दोन खाचा पडल्यात, त्या माझ्या दातांच्या. कारण मी पुंगी हातात धरत नाही, दातांत धरते. म्हणजे दोन्ही हात दुनळी बंदुकीला मोकळे. शिवी घालायची आणि कावळा चिडून अंगावर आला की त्याच दमात पाडायचा. होइटला हे कधी जमलं नाही. तो पुंगी वाजवायला लागला की बंदूक मांडीवर आहे हेच विसरायचा.

आमच्याकडे रीत अशी, की हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी घरचे आणि शेजारचे मिळून बसतात, आणि पहिला कावळा पडला की त्याचं एक पीस बोलावणाऱ्याच्या टोपीत खोवतात. पाडणाऱ्याच्या नाही. पाडायला काय, बंदूक असली की झालं. माझ्या टोपीत तीस पिसं आहेत. होइट गेला त्या वर्षीचंसुद्धा आहे. एकतिसाव्याची ही गोष्ट.

यंदा मे महिन्यात माझे वरचे सगळे दात काढावे लागले. बहिणीकडे जाऊन येते म्हणून मी आर्कान्साला गेले, तिथेच ते काम उरकलं, बहिणीला शपथ घातली आणि तीन आठवड्यांनी नवी कवळी घालून घरी आले. माझा मुलगा डेल म्हणाला, "आई, चेहरा बरा दिसतोय तुझा. मावशीने चांगलं खाऊपिऊ घातलेलं दिसतंय." मी म्हटलं, "हो ना." तीन आठवडे मी नुसतं सूप प्यायले होते. पण होइटनेसुद्धा मला कधी वेणीफणीशिवाय पाहिलं नव्हतं. बोळकं तोंड मी काय मुलाला दाखवणार होते?

पुंगी मी गोठ्यात जाऊन वाजवून पाहिली होती. कवळी चिकटवायची पेस्ट लावली की ठीक वाजत होती. पण गोठ्यात ऊब असते.

शनिवारी पहाटे कडक थंडी होती. फांद्या आणि गोणपाट लावून केलेल्या आडोशामागे आम्ही चौघं बसलो. मधोमध उपड्या बादलीवर मी. डावीकडे डेल, उजवीकडे शेजारचा व्हर्जिल, आणि मागे माझी सून कोरीन, कॉफीचा थर्मास घेऊन. कोरीनचं काम तेवढंच. अठरा वर्षांपूर्वी लग्नात ती म्हणाली होती, की बापाने तिला बदकांवर बंदूक चालवायला शिकवलंय. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. समोर बांबूवर प्लॅस्टिकचं घुबड, आसपासच्या फांद्यांवर नकली कावळे. घुबड दिसलं की कावळ्यांचं डोकं फिरतं. दिवसाढवळ्या घुबडाला घेरून टोचायचं, हा त्यांचा धर्मच आहे.

उजाडलं, तसा नदीवरून एकच कावळा आला. आवाज न करता. हा टेहळ्या. आधी हा येऊन बघून जातो, मग बाकीचे येतात. हा पडला तर बाकीचे चौकशीला येतात. हा निसटला तर दिवस फुकट. मी दुनळी उचलली, पुंगी दातांत धरली आणि पोटातून शिवी घातली.

शिवी अर्ध्यावर असताना कवळी सुटली. पुंगी एकीकडे, दात एकीकडे. तोंडातून जो आवाज निघाला, तो कावळ्याचाही नव्हता आणि माणसाचाही नव्हता. दार करकरावं तसा. मी झटकन ओठ मिटले आणि जिभेने कवळी जागेवर ढकलली. टेहळ्याने हवेतच गिरकी घेतली, तीनदा तुटक ओरडला आणि गेला. तीन तुटक हाका म्हणजे पळा. पलीकडचं सगळं रान उठलं आणि दक्षिणेला निघून गेलं.

"अर्लेटा," व्हर्जिल म्हणाला, "काय म्हणाला गं तो?"

"तुझं तोंड पाहिलं म्हणाला."

व्हर्जिल हसला. डेल हसला नाही. तो बुटांकडे बघत होता. तासाभराने मी परत वाजवलं. या वेळी जपून, ओठांनी. आवाज इतका मऊ निघाला, की त्याने कोंबडीसुद्धा आली नसती.

मग व्हर्जिल ट्रककडे गेला आणि त्याचं नवं यंत्र घेऊन आला. काळा डबा, वर कर्णा. बटण दाबलं की शंभर कावळे भांडल्याचा गलका. कावळे आले, हे मी खोटं सांगणार नाही. खूप आले. पण उंचावर. छर्रे पोचणार नाहीत इतक्या उंचीवर दोन घिरट्या घातल्या आणि नदीपलीकडच्या मोठ्या सिकॅमोरच्या झाडावर जाऊन बसले. डेल आणि व्हर्जिलने आभाळात दहा-बारा काडतुसं उडवली. पीस पडलं नाही.

"निदान आले तरी," डेल म्हणाला.

ते वाक्य मला लागलं.

संध्याकाळी जेवायला माझ्या टेबलावर चौघं आणि व्हर्जिलची बायको नेडीन. राजमा घालून केलेलं तिखट मटण आणि मक्याचा पाव. कोरीनने माझ्या ताटलीतला पाव आधीच रश्शात कुस्करून टाकला होता. तिच्या हातचा पाव मी अठरा वर्षं दगड म्हणत आलेय, म्हटलं भीतीने केलं असेल.

डेलने घसा साफ केला. "आई, उद्या यंत्रच लावू. तू घरीच आराम कर. चौऱ्याहत्तर म्हणजे काही कमी नाही. छातीत दम राहत नाही माणसाच्या."

"माझी छाती तुझ्या ट्रकच्या इंजिनापेक्षा बरी आहे. ते तर सकाळी ढकलावं लागलं."

"मग आज काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, "पुंगीला ओल लागली."

"तीस वर्षं कधी लागली नाही," डेल हळूच म्हणाला.

"आणि ते पीस?" नेडीनने विचारलं. "यंत्राला तर टोपी नाही."

"बघू," डेल म्हणाला.

बघू! एकतीस वर्षांच्या कामाला माझा पोटचा मुलगा बघू म्हणतो. वाईट बोलला असता तर मी दोन वाक्यांत त्याला गप्प केलं असतं. पण तो कीव करत होता. किवेला उत्तर देता येत नाही.

भांडी विसळताना कोरीनने खाली मान घालून विचारलं, "आई, सकाळी तुम्हाला किती वाजता हाक मारू?" येणार का, असं नाही विचारलं. किती वाजता, असं विचारलं.

"हाक कसली मारतेस? मीच तुला मारीन," मी म्हटलं.

रविवारी ते तिघं आडोशाशी आले, तेव्हा मी बादलीवर बसलेली होते. डेलने तोंड उघडलं. मी म्हटलं, "बाग माझी आहे. बादलीही माझी आहे. लाव तुझं यंत्र." त्याने तोंड मिटलं.

व्हर्जिलने बटण दाबलं. गलका सुरू झाला. नदीपलीकडे सिकॅमोरवर कावळे बसलेले स्पष्ट दिसत होते. एकही हलला नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. काही कावळे तर पंख साफ करायला लागले.

"व्हर्जिल," मी विचारलं, "हा डबा तू आणलास कधी?"

"झाले की पंधरा दिवस."

"आणि वाजवलास कुठं?"

"ओसरीवर. रोज संध्याकाळी. हात बसायला नको का? नेडीन नुसती वैतागलीय."

"नेडीन वैतागली, पण ते बघ कसे निवांत ऐकतायत. पंधरा दिवस तू त्यांना रोज संध्याकाळी बैठक ऐकवलीस. त्यांना आता पुढचा आवाज कुठला येणार तेही पाठ असेल."

व्हर्जिलने डब्याकडे बघितलं, मग नदीपलीकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले. बटण त्याने स्वतःच बंद केलं.

"मग आता?" डेल म्हणाला. "जाऊ या घरी. यंदा नाही म्हणजे नाही."

यंदा नाही, म्हणजे पुढच्या वर्षीही नाही. हे मला कळत होतं. एकदा बादलीवरून उठले, की पुन्हा मला तिथं कुणी बसवणार नव्हतं. पेकन राखायला ते काहीतरी करतील, जाळी लावतील, फटाके फोडतील. पण कावळ्यांना बोलावणारी अर्लेटा कालच संपली, असं ते पुढं सांगत राहिले असते, तेही प्रेमाने.

मी आडोशाकडे तोंड केलं. हातमोजा काढला. दोन बोटं तोंडात घालून कवळी ओढून काढली आणि कोटाच्या खिशात टाकली, काडतुसांच्या बरोबर. हिरड्यांना एकदम गार वारा लागला. पुंगी ओठांत घेऊन पाहिली. धरायला दात नव्हते, तेव्हा एक हात तिलाच द्यावा लागणार होता. दुनळी एका हाताने चालत नाही.

होइटची दुनळी मी आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती. डेललासुद्धा नाही.

मी ती मागे धरली. "कोरीन."

थर्मास खाली ठेवल्याचा आवाज आला. तिने बंदूक घेतली, बिजागरीत मोडून उघडली, नळ्यांतली काडतुसं बघितली, परत बंद केली. ज्या सफाईने केली, त्यावरून मला कळलं, की अठरा वर्षं मी एक चांगला नेमबाज कॉफी ओतायला बसवला होता.

मी पुंगी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून पोटातून शिवी घातली. दातांत धरून जो आवाज यायचा, त्यापेक्षा हा जाड होता, घोगरा, म्हाताऱ्या कावळ्यासारखा. मी स्वतःच चमकले. म्हाताऱ्या कावळ्याला घुबडाने धरलंय आणि तो मरताना सगळ्यांच्या आईबापाचा उद्धार करतोय, असा. त्यात मी शनिवारचा सगळा राग घातला. तो "बघू" घातला. ती कीव घातली.

सिकॅमोरवर माना वळल्या. एकजण उडाला.

टेहळ्या नदी ओलांडून आला, खाली, अगदी खाली. मी आवाज बारीक केला, कण्हल्यासारखा. तो घुबडावर झेपावला. कोरीनने एकच नळी उडवली. तो दगडासारखा पडला. दुसरी नळी तिने राखून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग ते आले. सगळं झाड रिकामं करून आले. घुबडाच्या डोक्यावर काळं वादळ झालं. माझ्या पुंगीला उसंत नव्हती. डेल, व्हर्जिल, कोरीन, तिघांच्या बंदुका गरम झाल्या.

"आई, काडतुसं!" डेल ओरडला. माझे दोन्ही हात पुंगीला. त्याने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठभर जे हाताला लागलं ते बाहेर काढलं.

तीन काडतुसं आणि माझे दात.

डेल त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्या तोंडाकडे. माझे गाल बसलेले, ओठ आत गेलेले, आणि मी शिव्या घालणं थांबवलं नव्हतं. थांबवलं असतं तर कावळे गेले असते. मी डोळ्यांनीच विचारलं, काय बघतोस? त्याने दात अलगद परत खिशात ठेवले, खिशावरून एकदा हात फिरवला आणि टोपी काढली. भर गोळीबारात बावळटासारखा उघड्या डोक्याने उभा राहिला.

"अरे, मार की!" कोरीन ओरडली. नवऱ्याला असं ओरडताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. मला आवडलं.

सगळं शांत झालं, तेव्हा बागेत कावळेच कावळे पडले होते. व्हर्जिलने यंत्राचा डबा उचलला, उपडा केला आणि माझ्या बादलीशेजारी मांडून त्यावर बसला. "याचा एवढाच उपयोग," म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अर्लेटा, हा आवाज मी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता."

"तेव्हा मध्ये दात यायचे," मी म्हटलं.

डेल टेहळ्या घेऊन आला. शेपटीतलं लांब पीस उपटलं आणि माझ्यासमोर धरलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाही. पीस घेतलं आणि माझ्याच हाताने टोपीत खोवलं.

"आई, मला सांगायचं होतंस ना," तो शेवटी म्हणालाच.

"तुला सांगून काय झालं असतं? दोन महिने पेज पाजली असतीस."

"मला मेपासून माहीत होतं," कोरीन बंदूक पुसत म्हणाली. "सफरचंद चावून खाणारी बाई एकदम किसून खायला लागली, तेव्हाच."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठं बोललात?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा बघितलं म्हटलं तरी चालेल. तिने दुनळी मोडून उघडली, रिकाम्या नळ्या दाखवल्या आणि परत द्यायला माझ्यासमोर धरली.

"राहू दे तुझ्याचकडे," मी म्हटलं. "आता माझे हात रिकामे नसतात. पुढच्या वर्षी तू माझ्या उजवीकडे बस. कॉफी व्हर्जिल ओतेल."

मग आम्ही न्याहारीला घरी गेलो. मी कवळी खिशातच ठेवली. कोरीनचा पाव दूध-पिठाच्या पांढऱ्या रश्शात बुडवून, सगळ्यांसमोर, हिरड्यांनी खाल्ला. आणि तो काही इतका दगड नव्हता.